वाढीचे पंचांग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबई येथील आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत 'शेजारचे मूल हे करते, आमचे अजून करत नाही' हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत आलेले आहे. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक वाढीचे टप्पे जणू पंचांगात तिथी छापावी तसे ठरलेले असतात, अशी समजूत त्यामागे दिसते. सहा पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच सोयीसाठी वगळली आहेत.

प्रश्न : माझा नातू १४ महिन्यांचा झाला, तरी अजून पाऊल टाकत नाही. धरून उभा राहतो आणि सोफ्याच्या कडेकडेने सरकतो. समोरच्या फ्लॅटमधील मुलगी अकराव्या महिन्यातच चालू लागली. सूनबाई वॉकर आणू या म्हणतात, मुलगा थांबू या म्हणतो. बाळाला रोज मालिश मीच करते. त्यात माझे काही चुकले का? बाळाचा जन्म ३४ आठवड्यांनी झाला होता.
(एक आजी, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आजी, आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिले आहे. गर्भकाळ ४० आठवड्यांचा धरतात. आपला नातू ६ आठवडे लवकर आला, म्हणजे पोटात पूर्ण व्हायची तेवढी वाढ त्याला पाळण्यात पूर्ण करावी लागली. म्हणून अशा बाळाची वाढ तपासताना पहिली दोन वर्षे त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, आणि वाढदिवसही अर्थातच त्याच तारखेला करायचा. या हिशेबाने नातू आज साडेबारा महिन्यांचा आहे, आणि साडेबारा महिन्यांचे मूल सोफ्याला धरून सरकत असेल, तर त्यात काळजी करण्यासारखे काहीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुले कधी बसतात, कधी उभी राहतात आणि कधी चालतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यावरून २००६ मध्ये जी प्रमाणे प्रसिद्ध झाली, त्यांत प्रत्येक टप्प्याला चांगली लांबरुंद मुदत दिलेली आहे. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, कशालाही न धरता उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने. समोरची मुलगी आणि आपला नातू हे दोघेही या मुदतीत बसतात. त्याच अभ्यासात सुमारे ४ टक्के मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. ती बुडावर सरकली, पोटावर घसटली किंवा थेट उभी राहिली, आणि पुढे इतरांसारखीच चालली.

मुदत मूलपरत्वे बदलते. क्रम मात्र सहसा बदलत नाही. मेंदूपासून निघणाऱ्या चेतातंतूंवर मेदाचे आवरण चढत जाते, तसतसा त्या त्या स्नायूंवर मुलाचा ताबा येतो, आणि हा ताबा डोक्याकडून पायाकडे उतरतो. आधी मान सावरते, मग मूल कुशीवर वळते, पालथे पडते, पाठ ताठ करून बसते आणि सर्वांत शेवटी पायांवर उभे राहते. त्यामुळे 'शेजारच्या मुलीच्या मागे किती?' यापेक्षा 'गेल्या महिन्यापेक्षा पुढे आहे का?' हे पाहिल्यास मुलाच्या वाढीविषयी पुष्कळ अधिक कळते.

वॉकरविषयी मी मुलाच्या बाजूची आहे. चाकांच्या चौकटीत बसवलेले मूल पायाच्या बोटांनी जमीन मागे रेटत राहते. तोल सांभाळण्याची गरज त्याला पडत नाही, आणि चालायला शिकण्यातला खरा अभ्यास तर तोलाचाच असतो. शिवाय ते क्षणात पायऱ्यांपर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचते. या अपघातांमुळेच कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या पिढीने वापरलेला लाकडी पांगुळगाडा ही निराळी वस्तू आहे, कारण त्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. तो मिळाला तर जरूर आणावा, फक्त कोणीतरी शेजारी असावे. नव्या इमारतींतील गुळगुळीत टाइल्सवर बाळाला मोजे घालू नयेत, अनवाणी पायाला जमिनीचा अंदाज लवकर येतो.

मालिशमुळे मूल लवकर चालत नाही आणि मालिश कमी पडली म्हणून उशिराही चालत नाही. तरीही आपण ती बंद करू नये असे मला वाटते, कारण त्या अर्ध्या तासात आपण त्याच्याशी जे बोलत असाल त्याचा उपयोग फार मोठा आहे. अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय १८ महिने झाले तरी तो एकट्याने चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाय ताठ वाटणे, एकच पाय ओढणे, टाच कधीच न टेकणे किंवा आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणे, यांपैकी काही दिसल्यास मात्र तेवढी वाटही पाहू नये.

प्रश्न : माझी मुलगी २ वर्षे १ महिन्याची आहे. मोजून १०-१२ शब्द बोलते. घरात मराठी आणि कन्नड, पाळणाघरात हिंदी, असे तिच्या कानावर पडते. एका परिचितांनी एकच भाषा ठेवा असे सांगितले. सासूबाई म्हणतात, तिचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले. जेवताना मोबाइल लावावाच लागतो. थांबावे का?
(एक आई, कोपरखैरणे, नवी मुंबई)

उत्तर : थांबू नये. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. दोन वर्षांच्या सुमारास मुले साधारण ५० शब्द वापरतात आणि दोन शब्द जोडून 'बाबा ये', 'दूदू नको' असे बोलू लागतात, एवढा त्याला आधार आहे. वडील उशिरा बोलले असतील, तर मुलगीही उशिरा बोलणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता वाढते हे खरे आहे. परंतु उशिरा बोलून बरोबरी गाठणारी मुले आणि मदतीची गरज असलेली मुले या वयात बाहेरून सारखीच दिसतात. तपासणीनंतर 'सर्व ठीक आहे' असे कळले तर एक सकाळ गेली, एवढेच.

पहिली तपासणी कानांची करावी, मग ती हाक मारल्यावर वळत असली तरीही, कारण काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात आणि 'स', 'फ' यांसारखे बारीक ध्वनी निसटतात, आणि वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू येणे महिनोन्‌महिने कमी राहू शकते.

भाषांविषयी मिळालेला सल्ला बाजूला ठेवावा. दोन-तीन भाषा ऐकल्यामुळे मूल मुके राहत नाही. मोजताना मात्र सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजायचे असतात : ती पाण्याला मराठीत 'पाणी', कन्नडमध्ये 'नीरू' म्हणत असेल, तर ते दोन शब्द झाले. 'मम', 'भुभू', 'काऊ' हेही शब्दच आहेत. अशी नीट यादी केल्यावर १०-१२ चे २० झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तरीही तपासणी टाळू नये. आजीने कन्नडमध्ये बोलावे, तुम्ही मराठीत. ज्या भाषेत बोलताना मोठ्यांची जीभ मोकळी असते, त्याच भाषेत मुलाला भरपूर शब्द मिळतात.

शब्दांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. मुलगी बोट दाखवते का? हवी ती वस्तू मागण्यासाठी दाखवते का, एवढेच मी विचारत नाही. खाडीत उतरलेले फ्लेमिंगो पाहून ती त्यांच्याकडे बोट करते, मग वळून तुमच्या चेहऱ्याकडे पाहते, आणि तुम्हीही पाहिलेत याची खात्री झाली की खूश होते, असे घडते का? साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान मुलाला कळू लागते की आपण पाहतो ते दुसऱ्यालाही दाखवता येते. भाषेचे मूळ येथे आहे, आणि मैत्रीचेही. बोट दाखवणे, नावाने हाक मारल्यावर पाहणे, बाहुलीला खोटे खोटे भरवणे आणि 'चप्पल आण' ही साधी सूचना खुणेशिवाय समजणे, या चारही गोष्टी असतील तर चित्र पुष्कळ आशादायक आहे. नसतील, तर भेटीत डॉक्टरांना सर्वांत आधी हेच सांगावे.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना स्पष्ट आहेत : दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा. यामागचे कारण असे की मूल बोलायला देवघेवीतून शिकते. ते हुंकार देते, आपण उत्तर देतो, ते पुन्हा काही आवाज काढते. पडदा बोलत राहतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. जेवताना मोबाइल काढून घेतल्यावर पहिले चार-पाच दिवस ती कमी जेवेल आणि भोकाड पसरेल, त्याची तयारी ठेवावी. ताटातल्या वस्तूंची नावे घ्यावीत आणि प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहावे. आपण मोठी माणसे मुलाच्या वाटणीचे उत्तरही स्वतःच देऊन मोकळी होतो.

खाजगी तपासण्यांचा खर्च झेपत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते, आणि विकासातील विलंब हा त्यातील चार प्रमुख विषयांपैकी एक आहे. हा देशव्यापी कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच भागात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून. जवळच्या अंगणवाडीत किंवा सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

प्रश्न : मुलगा १० महिन्यांचा आहे. प्रत्येक वस्तू डाव्या हातानेच घेतो. आई त्याचा डावा हात धरून ठेवते. डावखुरेपणा मोडावा की राहू द्यावा?
(एक वडील, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : डावखुरेपणा हा दोष नाही आणि तो मोडू नये, आपल्या आईंना तेवढे आदराने सांगावे. परंतु तुमच्या पत्रात मला वेगळीच गोष्ट खटकली. हात ठरण्याची प्रक्रिया साधारण दीड वर्षापासून पुढे होते. पहिल्या वर्षात मूल दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते, आणि १० महिन्यांचे मूल एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हाताची शक्ती कमी आहे की काय, हे पाहावे लागते. उजवी मूठ बहुतेक वेळ मिटलेली राहते का, अंगठा आत दुमडलेला असतो का, रांगताना तो हात मागे पडतो का, याकडे लक्ष द्यावे आणि डॉक्टरांना लवकर दाखवावे.

प्रश्न : मुलगा ५ वर्षे २ महिन्यांचा, सीनियर केजीत आहे. ३ च्या जागी ६ लिहितो, इंग्रजी अक्षरेही उलटी काढतो. शाळेतून रोज दोन पाने लेखन येते. पाच ओळींतच हात दुखतो म्हणून रडतो. त्याला वाचन-लेखनाचा दोष असेल का?
(एक आई, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : सव्वापाच वर्षांच्या मुलाला असे नाव चिकटवण्याची घाई करू नये. उलटी अक्षरे सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुले काढतात, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. जन्मापासून मुलाने शिकलेले असते की कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, तो कपच असतो. मग एके दिवशी आपण त्याला सांगतो की ही खूण इकडे तोंड करून असेल तर ३ आणि तिकडे तोंड करून असेल तर ६. पाच वर्षे उपयोगी पडलेले शहाणपण केवळ अक्षरांपुरते विसरायचे, ही मागणी लहान नाही. सात वर्षे उलटल्यावरही हे टिकले, आणि सोबत अक्षर-ध्वनीची जोडी जुळणे, यमक ओळखणे हेही जड जात असेल, तर तपासणी करावी.

हात दुखण्याकडे मी अधिक गांभीर्याने पाहते. मनगटातील ८ लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि वर्षांगणिक एकेक करून टणक होत जातात; पाच वर्षांच्या मुलाचे मनगट अजून अर्धवट घडलेले असते. चित्र काढण्याचाही क्रम आहे. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण उतरवू शकते, कारण तिरकी रेघ सर्वांत शेवटी जमते. त्रिकोण न जमणाऱ्या हाताकडून दोन पाने 'झ' आणि 'ळ' मागणे हे शिक्षणशास्त्राला धरून नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे आणि त्याचा गाभा खेळ व कृती हा आहे. वर्गशिक्षिकांना भेटून दोन पानांऐवजी चार ओळींवर तडजोड मागावी. त्या बहुधा नाही म्हणणार नाहीत. इतर पालक जास्त लेखन मागतात म्हणून त्याही अडचणीत असतात, हे मी अनेकींच्या तोंडून ऐकले आहे.

बोटांची तयारी वहीबाहेर होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात महागड्या साधनांऐवजी पाने, फुले, शंख-शिंपले आणि खडे यांनीच मुलांच्या हातांना काम मिळत होते. तुमच्या स्वयंपाकघरातही ते आहे : मटार सोलणे, कणकेच्या गोळ्या करणे, शेंगदाण्याची साले काढणे, देवासाठी फुले ओवणे. रोज अर्धा तास हे केले आणि लेखन दहा मिनिटांवर आणले, तर दोन महिन्यांत फरक जाणवावा.

प्रश्न : साडेचार वर्षांचा नातू सरळ खोटे बोलतो. तोंडाला लाडवाचा चुरा लागलेला, आणि म्हणतो, 'मी नाही, मांजरीने खाल्ला.' आमच्याकडे मांजर नाही. शिक्षा करावी का?
(एक आजोबा, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आजोबा, मांजर नाही हे वाचून मी मोठ्याने हसले, हे आधी कबूल करते. आता शास्त्राचे. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली : एक मुलगा आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आणि त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परतलेला मुलगा चॉकलेट कोठे शोधेल? तीन वर्षांची मुले सहसा जेथे चॉकलेट खरोखर आहे तेच कपाट दाखवतात, कारण आपल्याला माहीत असलेले सर्वांनाच माहीत असते, असे त्यांना वाटते. चौथ्या-पाचव्या वर्षी हळूहळू उमगते की दुसऱ्याच्या मनात वेगळी, प्रसंगी चुकीचीही समजूत असू शकते. खोटे बोलायला नेमकी हीच समज लागते. आपल्या नातवाने हा टप्पा गाठला आहे. चुरा पुसण्याइतकी दूरदृष्टी यायला अजून दोन-तीन वर्षे आहेत.

याचा अर्थ कौतुक करावे असा नाही. 'लाडू कोणी खाल्ला?' असे विचारून त्याला खोट्याच्या कोपऱ्यात ढकलण्यापेक्षा 'तू लाडू खाल्लास, मला दिसते आहे. पुढच्या वेळी विचारून घे' असे म्हणावे. कडक शिक्षेने या वयाचे मूल खोटे बोलायचे थांबत नाही, अधिक सफाईने बोलते. शिक्षा टाळण्यासाठी बोललेले खोटे आणि निव्वळ कल्पनेची भरारी यांतही फरक करावा. त्या मांजरीचे नाव काय, ती राहते कोठे, असे कधीतरी विचारून पाहावे. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना त्याची गोष्ट ऐकण्यात आपला वेळ चांगला जाईल.

प्रश्न : मुलगी ९ वर्षे ४ महिन्यांची, चौथीत आहे. तिची आई हयात नाही; घरात मी आणि माझी आई. गेल्या आठवड्यात तिने आजीला सांगितले की छातीत डाव्या बाजूला गाठ लागते आणि दुखते. ती हल्ली सोसायटीत खाली खेळायलाही जात नाही. मी फार घाबरलो आहे.
(एक वडील, वाशी, नवी मुंबई)

उत्तर : तुम्ही वर्णन करता ती गाठ बहुधा वयात येण्याची पहिली खूण आहे. मुलींमध्ये ही सुरुवात ८ ते १३ या वयात केव्हाही होते (मुलग्यांमध्ये ९ ते १४), आणि ती अनेकदा आधी एकाच बाजूला होते. दुसरी बाजू काही महिन्यांनी वाढते. स्पर्शाला दुखणेही नेहमीचे आहे. तरीही डॉक्टरांना एकदा दाखवावे, म्हणजे तुमचीही भीती जाईल. आठ वर्षांच्या आत अशी वाढ सुरू झाली असती, तर मात्र ती तपासणी अत्यावश्यक ठरली असती.

खाली खेळायला न जाण्यामागे बहुधा हेच कारण असावे. शरीर एका वेगाने पुढे जाते, मन दुसऱ्या, आणि मैत्रिणींचा घोळका तिसऱ्याच वेगाने. वर्गातल्या बाकीच्या मुलींचे अजून काही सुरू झालेले नसताना आपलेच का, हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीला कोणालाही विचारता येत नाही. या वयात मैत्रिणींच्या नजरेला पहिल्यांदाच इतके वजन आलेले असते. धावताना दुखते म्हणूनही ती टाळत असेल. सुती, आतून मऊ शमीज घेतल्याने पुष्कळ सोपे होते, आणि ते आणायला आजींबरोबर तिलाच दुकानात जाऊ द्यावे.

सांगण्याचे काम संपूर्ण आजींवर सोपवू नये, असे मी सुचवते. तुम्ही लांब भाषण करण्याची गरज नाही. गाडी चालवताना किंवा भांडी आवरताना, समोरासमोर न बसता, दोन वाक्ये पुरतात : 'तुझे शरीर मोठे होऊ लागले आहे, ते अगदी ठीक आहे, आणि मला काहीही विचारलेस तरी चालेल.' येत्या दोन वर्षांत तिची उंची भराभर, एखाद्या वर्षी ८ सेंटिमीटरपर्यंतही वाढेल; भूक वाढेल, राग लवकर येईल आणि लवकर ओसरेल. पहिली पाळी या सुरुवातीनंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते, म्हणजे अंदाजे सहावीच्या सुमारास, पण थोडी आधीही येऊ शकते. म्हणून पाचवी सुरू होण्याआधीच तिला त्याची माहिती द्यावी, पॅड कसे वापरायचे ते आजींनी दाखवावे, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका छोट्या पिशवीत दोन पॅड आणि एक जादा अंतर्वस्त्र ठेवून ती पिशवी कोठे आहे हे तिला दाखवून ठेवावे.